लंडन: प्रीमियर इन की ट्रॅव्हलॉज?

लंडनला चौघांच्या कुटुंबाने प्रीमियर इनमध्ये राहावं की ट्रॅव्हलॉजमध्ये, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही स्वस्तातल्या हॉटेलांच्या साखळ्या. मुलं ९ आणि १३ वर्षांची आहेत म्हणताय, तर माझं मत सरळ प्रीमियर इनला. कुणीतरी प्रीमियर इनचंच 'हब' हे छोट्या खोल्यांचं हॉटेल सुचवलंय, पण त्या खोल्या दोघांपुरत्याच असतात. चौघांसाठी दोन घ्याव्या लागतील आणि सगळी बचत तिथेच संपेल. साध्या प्रीमियर इनच्या फॅमिली रूममध्ये दोन मोठे आणि सोळाच्या आतली दोन मुलं एकत्र राहतात.

नाश्त्याचा हिशोब जरूर करा. मोठ्यांनी पूर्ण नाश्ता घेतला की दोन्ही मुलांचा फुकट. शाकाहारी असाल तरी बीन्स, हॅश ब्राउन, व्हेज सॉसेज, टोस्ट, फळं असं व्यवस्थित पोटभर होतं, दुपारी दोनपर्यंत कुणी भूक भूक करत नाही. ट्रॅव्हलॉजमध्येही अशी सवलत आहे, पण सगळ्या शाखांत रेस्टॉरंट नाही, त्यामुळे शाखा बघून घ्या. आणि जुलैत जाणार असाल तर खोलीला एसी आहे का हे आधी बघा, ट्रॅव्हलॉजच्या बऱ्याच ठिकाणी नसतो. उकाड्यात चौघं एका खोलीत म्हणजे झोपेचं खोबरं!

प्रीमियर इनच्या काउंटी हॉल शाखेचा हट्ट धरू नका. लंडन आयचं मोठं चक्र शेजारी आहे खरं, पण दर तसेच. स्ट्रॅटफर्ड किंवा ग्रिनिच हे मध्यवस्तीबाहेरचे भाग बघा. तिथून ये-जा करताना नऊ वर्षांच्या धाकट्याला ट्यूबचं (मेट्रोचं) तिकीटही लागणार नाही. दर हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरच बघा आणि शक्य तितक्या लवकर बुक करा.