पंडित भीमसेन जोशी: ध्वनिमुद्रिकेत न सापडणाऱ्या आठवणी

पंडित भीमसेन जोशी यांचे गाणे आज कोणालाही, केव्हाही ऐकता येते. गदगला ४ फेब्रुवारी १९२२ रोजी जन्मलेल्या आणि २४ जानेवारी २०११ रोजी पुण्यात निवर्तलेल्या या गवयाची ध्वनिमुद्रणे मुबलक आहेत. मात्र ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकले, ज्यांची त्यांच्याशी ओझरती का होईना गाठ पडली, त्यांच्याकडे मुद्रणात न उतरलेले बरेच काही आहे. ते येथे लिहावे, ही विनंती. ऐकीव किस्से नकोत; स्वतः पाहिलेले आणि अनुभवलेलेच लिहावे. पुढील प्रत्येक आठवण वेगळ्या श्रोत्याची आहे.

कृष्णाकाठ

आमच्या गावच्या संगीत मंडळाचा वार्षिक कार्यक्रम कन्याशाळेच्या सभागृहात होत असे आणि वडील मंडळाचे कार्यवाह असल्यामुळे कलाकारांची उठबस आमच्या घरी असे. पंडितजी पुण्याहून स्वतः मोटार चालवत आले. त्यांचा मोटारींचा शौक सर्वश्रुत होता, तरीही आम्ही मुले हार घेऊन मोटारीच्या मागच्या दाराशी उभी होतो आणि ते चालकाच्या जागेवरून उतरले.

चहा झाल्यावर त्यांनी तंबोऱ्यांच्या गवसण्या (खोळी) काढायला सांगितल्या. त्यानंतरचा तासभर मी उंबऱ्यापाशी बसून पाहिला आणि आजही मला मैफलीइतकाच तो तास महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळी पूरिया राग गायचा होता. पूरियात पंचम (प) वर्ज्य, म्हणून पहिली तार निषादात (नी) मिळवायची. आधी खुंटी पिळून स्वर जवळ आणायचा, मग घोडीमागचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीमागचा) मणी सरकवून उरलेला फरक काढायचा आणि शेवटी जवारीचा, म्हणजे तार आणि घोडी यांच्यामधला, दोरा किंचित पुढेमागे करून नाद मोकळा करायचा. ते तार छेडत, डोळे मिटून ऐकत आणि आम्हाला पूर्ण जुळलेली वाटणारी तार पुन्हा उतरवत. खोलीत कोणी बोलत नव्हते. अखेर दोन्ही तंबोरे एकमेकांत असे मिसळले, की कोणत्याही तारेवर न लावलेला गंधार (ग) खर्जाच्या तारेतून आपोआप स्पष्ट ऐकू येऊ लागला. पूरियाचा वादी, म्हणजे मुख्य, स्वरही गंधारच. रात्री त्यांनी तो लावला तेव्हा सभागृहातून जी दाद उठली, तिची तयारी दुपारी आमच्या माजघरात झाली होती.

मैफलीत मी पहिल्या रांगेत सतरंजीवर होतो. विलंबित (संथ) एकतालात ‘पिया गुनवंता’ ही बंदिश सुरू झाली, तेव्हा प्रारंभी देह स्थिर होता. बढत (रागाचा विस्तार) होत गेली तसे खांदे, मान, हात असे सारे शरीर गाण्यात उतरले. गमकेची तान घेताना ते कमरेतून वाकत आणि समेवर येताना हात असा खाली येई, की तबल्याचा ‘धा’ त्यांच्याच हातातून पडल्यासारखा वाटे. त्यांच्या हातवाऱ्यांना नावे ठेवणारी माणसे मला पुढे भेटली. माझे मत स्पष्ट आहे: तो दमसास आणि ती तान ज्या ताकदीने येत होती, ती ताकद शांत बसून निर्माण होणारी नव्हती. केवळ मुद्रण ऐकणाऱ्याला आवाज मिळतो. त्यामागचे कष्ट आम्हाला दिसले.

मलप्रभा

मी बेळगावची. आमच्याकडे त्यांच्या मैफलीला मराठी आणि कानडी श्रोते मांडीला मांडी लावून बसत. ख्याल संपला की एका बाजूने अभंगाची फर्माईश होई आणि दुसऱ्या बाजूने दासरपदाची, म्हणजे कानडी संतांच्या भक्तिपदाची. एका मैफलीत त्यांनी पुरंदरदासांचे ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ घेतले आणि पाठोपाठ अभंग सुरू केला. दोन्हींतले शब्दोच्चार इतके घरचे होते, की यांची मातृभाषा कोणती, असा प्रश्न नवख्याला पडावा. कर्नाटकातल्या कुंदगोळला गुरू सवाई गंधर्वांच्या घरी राहून ते शिकले, त्यामुळे आमच्या भागाला ते आपलेच वाटत.

तुळस

माझी आजी माळकरी होती. रागदारीच्या मैफलीला ती कधी गेली नव्हती, पण ‘संतवाणी’ला, त्यांच्या अभंगांच्या कार्यक्रमाला, मी तिला नेले. ‘माझे माहेर पंढरी’ सुरू होताच तिने टाळ्यांचा ठेका धरला आणि अभंग संपेपर्यंत सोडला नाही. कार्यक्रमानंतर गर्दी ओसरल्यावर आम्ही आत गेलो. आजी पाया पडण्यासाठी वाकू लागली, तेव्हा पंडितजींनी तिला अर्ध्यावरच थांबवले आणि तिच्या गळ्यातील माळ पाहून स्वतःच नमस्कार केला. काही बोलणे झाले नाही. घरी आल्यावर आजीने एवढेच सांगितले, की मी कीर्तनाला जाऊन आले.

रमणबाग

१९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले आणि पुढच्याच वर्षापासून त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू झाला. रमणबागेच्या मैदानावर आम्ही विद्यार्थी तिथे स्वयंसेवक म्हणून राबत असू, त्यामुळे मला पंडितजी गायकापेक्षा यजमान म्हणून अधिक दिसले. पुढच्या पिढीतील एखादा कलाकार गात असताना ते मंचाच्या बाजूला बसून ऐकत आणि एखादी जागा आवडली की त्यांची दाद आम्हाला मागच्या कनातीपर्यंत ऐकू येई. गुरूच्या नावाने मांडलेल्या या महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्याच भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने होते. ती लागली की पंडितजींकडे पाहण्याचे धैर्य मला होत नसे.

२००७ साली ते पुन्हा या मंचावर गायले, तेव्हा मी श्रोत्यांत होतो. प्रकृती साथ देत नव्हती, हे सर्वांनाच ठाऊक होते. दमसास पूर्वीचा राहिला नव्हता आणि ताना मोजक्या होत्या, परंतु षड्ज (सा) लागला तो नेमका तिथेच. त्या गाण्याची तुलना त्यांच्या भरातल्या मैफलींशी करणे मला अन्यायाचे वाटते. दुसऱ्या वर्षी त्यांना भारतरत्न जाहीर झाले, तेव्हा आम्ही जुन्या स्वयंसेवकांनी एकत्र जमून पेढे वाटले आणि पहाटेपर्यंत त्यांचे शुद्ध कल्याण, अभोगी आणि ललत हे राग ऐकत बसलो.