मख्ख, निर्विकार की आणखी काही? बस्टर कीटनच्या चेहऱ्यासाठी शब्द हवा

बस्टर कीटन हा अमेरिकन मूकपटांमधला नट आणि दिग्दर्शक. त्याच्याविषयी मराठीत बोलताना-लिहिताना चेहऱ्यासाठी चटकन तोंडात येणारा शब्द म्हणजे ‘मख्ख’. अमेरिकेत त्याला ‘ग्रेट स्टोन फेस’ म्हणत, म्हणून ‘दगडी चेहऱ्याचा’ असंही म्हणता येतं. मला हे दोन्ही शब्द खटकतात. त्याच्यावर एक लेख लिहायला घेतलाय आणि गाडी इथेच अडलीय, म्हणून ही चर्चा.

मख्ख कोण असतो? मास्तर घसा फोडून शिकवतायत आणि पोरगं मख्खासारखं बघत बसलंय. म्हणजे समोरचं आतपर्यंत पोचलेलंच नाही. ‘ढिम्म’चं तसंच, त्यात वर हट्टही आहे. ‘तोंडावरची माशी हलत नाही’ हे तर अंगात जोरच नसलेल्या माणसाबद्दल बोलतात. आता ‘द जनरल’ (१९२६) आठवा. जॉनी ग्रे हा इंजिन ड्रायव्हर. त्याला सैन्यात घेत नाहीत, आणि तो भित्रा आहे असं समजून प्रेयसी त्याच्याशी बोलणं टाकते. तो जाऊन आपल्या इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन हलतं, दांड्याबरोबर तोही वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो, आणि त्याला पत्ताच नसतो. चेहऱ्यावर रेष हलत नाही, पण त्याचं काय झालंय हे पाहणाऱ्याला पुरतं कळतं. याला मख्ख कसं म्हणायचं?

‘निर्विकार’ जवळचा वाटतो, पण त्याच्या दोन अडचणी आहेत. संतवाङ्मयात निर्विकार म्हणजे ज्यात बदल होत नाही ते, ब्रह्माचं विशेषण. आणि आजच्या वर्तमानपत्रात शिक्षा ऐकताना आरोपी निर्विकार चेहऱ्याने उभा असतो, म्हणजे त्याला पश्चात्ताप नाही. कीटन या दोन्हींत बसत नाही. ‘स्थितप्रज्ञ’ आपण कौतुकानं वापरतो, पण स्थितप्रज्ञाला काही नको असतं. कीटनच्या माणसाला फार काही हवं असतं: ती मुलगी हवी असते, पळवून नेलेलं इंजिन परत हवं असतं, आणि त्यासाठी तो जिवावर उदार होऊन धावतो.

हा चेहरा आला कुठून तेही सांगतो. जन्म ४ ऑक्टोबर १८९५, कॅन्सस राज्यातल्या पिक्वा गावचा. खरं नाव जोसेफ फ्रँक कीटन. आईबाप फिरत्या रंगमंचावर विनोदी खेळ करायचे, पोरगं चालायला लागलं तसं तेही खेळात आलं. ‘थ्री कीटन्स’ या नावानं खेळ लागायचा. खेळ असा की बाप पोराला उचलून रंगमंचावर इकडून तिकडे फेकणार, पडद्यावर आदळणार, कधी खाली वादकांत टाकणार. उचलायला सोपं जावं म्हणून पोराच्या कोटाच्या पाठीला बॅगेची मूठ शिवलेली असायची. आपण पडल्यावर हसलो तर लोक कमी हसतात आणि गंभीर राहिलो तर जास्त हसतात, हे त्या वयात त्याच्या लक्षात आलं. म्हणजे हा चेहरा जन्मजात थंडपणाचा नाही, प्रेक्षक ओळखून कमावलेला आहे. शब्दात हे कमावलेपण यायला हवं.

प्रतिसाद

‘कोरा चेहरा’ कसा वाटतो? साधा आहे, त्याला ना अध्यात्माचा वास ना टिंगलीचा.

प्रतिसाद

आमच्याकडे अशा चेहऱ्याला सरळ ‘सुतकी’ म्हणतात. ‘काय सुतकी तोंड करून बसलायस’ हे घराघरांत ऐकू येतं. विनोदी नटाला सुतकी म्हणण्यात एक गंमतही आहे.

प्रतिसाद (धागालेखक)

‘कोरा’वर बराच वेळ विचार केला. पण कोऱ्या पाटीवर काही लिहिलेलं नसतं, आणि इथे डोळ्यांत सगळं लिहिलेलं आहे. कीटनचे डोळे मोठे आणि पाणीदार, एवढ्याशा हालचालीनं तो शंका, भीती, लाज दाखवतो. ‘कोरा’ म्हटलं की वाचक डोळ्यांकडे बघणारच नाही.

‘सुतकी’त दुःख बाहेर दिसतं, आणि थोडं दाखवलेलंही असतं. कीटन दुःखाची जाहिरात करत नाही. ‘गो वेस्ट’ (१९२५) मधला पत्त्यांचा डाव बघा. समोरचा पिस्तूल रोखून म्हणतो, असं बोलायचं तर हसून बोल. हसायचं कसं हे याला येत नाही, म्हणून तो दोन बोटांनी ओठांची टोकं वर ढकलतो. चेहऱ्यावर विनोद करण्याइतका त्याला आपला चेहरा ठाऊक होता. अगदी सुरुवातीच्या, रॉस्को आर्बकल या विनोदी नटाबरोबरच्या छोट्या मूकपटांत तर तो चक्क हसताना दिसतो. नंतर त्यानं हसणं सोडलं.

प्रतिसाद

मूळ प्रश्न चेहऱ्याचा आहे, पण मला वाटतं कीटनवर लिहिताना खरी मजा ‘पडणे’ आणि ‘आपटणे’ या क्रियापदांत आहे. जरा सविस्तर लिहितो.

त्या काळच्या अमेरिकन रंगमंचावर ‘बस्टर’ म्हणजे जोरदार आपटी. लहानपणी जिन्यावरून गडगडत खाली आला आणि धडधाकट उठून बसला, त्यावरून हे नाव पडलं, अशी गोष्ट तो सांगायचा. म्हणजे याचं नावही पडूनच पडलेलं. इंग्रजीत विनोदी पडण्याला वेगळा शब्द आहे, आपल्याकडे त्यासाठी ‘आपटी खाणे’ हा अस्सल वाक्प्रचार आहे. नवा शब्द घडवायची गरज नाही.

आता ‘आपटणे’ बघा. हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. बापानं पोराला आपटलं, आणि पोरगा आपटला. ‘थ्री कीटन्स’चा सगळा खेळ या एका क्रियापदात मावतो. बालसंरक्षणवाल्या संस्थांचा ससेमिरा त्यांच्या मागे लागला तोही यातल्या पहिल्या वापरामुळे. दुसऱ्या वापराची कला पोरगा शिकत गेला आणि पुढे तीच त्याची भाकरी झाली.

पडण्याच्या छटा मराठीत किती आहेत ते मोजायला कीटनसारखा नट नाही. तो घसरतो, धडपडतो, ठेचकाळतो, कोलमडतो, गडगडतो, तोंडघशी पडतो, उताणा पडतो. आणि यातलं प्रत्येक पडणं वेगळं दिसतं. ‘सेव्हन चान्सेस’ (१९२५) मध्ये तो डोंगरउतारावरून धावतो आणि मागून दगड गडगडत येतात, तिथे ‘पडतो’ एवढंच लिहिणं म्हणजे निम्मं दृश्य गाळणं आहे. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) मध्ये मात्र तो पडत नाही, त्याच्यावर घर पडतं. वादळात एका घराची दर्शनी भिंत अख्खी सुटून खाली येते, आणि तो नेमका तिथे उभा असतो जिथे वरच्या मजल्याची उघडी खिडकी येते. भिंत खरीच जड होती आणि डोक्या-खांद्यांभोवती मोकळी जागा जेमतेम काही इंचांची. तिथे ‘भिंत पडली’ म्हणू नये. ‘कोसळली’ म्हणावं, आणि त्याच्याबद्दल ‘जागचा हलला नाही’ एवढं पुरे.

शेवटचा अर्थ बाजारातला. सिनेमा ‘पडतो’, ‘आपटतो’. ‘द जनरल’ आपटला. ओरेगॉनमध्ये कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ चित्रीकरण झालं, जळत्या पुलावरून खरंखुरं इंजिन नदीत घातलं, मूकपटांच्या काळातलं ते फार महागडं दृश्य मानलं जातं. सिनेमा १९२६ च्या अखेरीस आला, धंदा म्हणावा तसा झाला नाही, समीक्षकांनीही नाकं मुरडली. १९८९ साली अमेरिकेनं जपून ठेवण्याजोग्या चित्रपटांची राष्ट्रीय सूची सुरू केली, तेव्हा पहिल्याच यादीत तो होता. आपटलेला सिनेमा पुन्हा उभा राहिला, त्याला मात्र मराठीत चटकन शब्द सापडत नाही. ‘वधारला’ हे भावाचं झालं.

प्रतिसाद

पडण्यावरचा प्रतिसाद आवडला. चेहऱ्याकडे परत येते. तुम्ही सगळे भावनेच्या अंगानं शब्द शोधताय, मला तो कामाच्या अंगानं शोधावासा वाटतो. कीटनला त्याच्या चेहऱ्याविषयी विचारलं की त्याचं म्हणणं साधारण असं असायचं की मी हातातल्या कामात इतका गुंतलेला असायचो, चेहरा हलत नाही हे मला नंतर पडद्यावर बघून कळलं. मग शब्द ‘गढलेला’ का नको? घड्याळजी डोळ्याला भिंग लावून चाकं बसवत असतो तेव्हा त्याचा चेहरा मख्ख नसतो, गढलेला असतो.

हा माणूस होताच तसा. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये आर्बकलच्या स्टुडिओत पहिल्यांदा गेला, तेव्हा पडद्यावर दिसण्याआधी त्याला कॅमेऱ्याचं कुतूहल. कॅमेरा घरी नेऊन सुटा केला आणि पुन्हा जोडला. पुढे स्वतः दिग्दर्शन करताना विनोदाची मांडणीही यंत्रासारखी करायचा: कुठली वस्तू कुठे, किती अंतरावर, कधी निसटणार. ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) मध्ये रेल्वेच्या पाण्याच्या टाकीच्या नळाला लटकल्यावर धबाधबा पाणी येऊन तो रुळांवर आपटला. डोकं दुखत राहिलं, पण काम चालू ठेवलं. मानेचं हाड मोडलं होतं हे कित्येक वर्षांनी डॉक्टरांनी तपासल्यावर कळलं. तो चेहरा मला तरी भावना लपवणाऱ्याचा वाटत नाही. पुढची उडी नीट बसायला हवी एवढंच ज्याच्या मनात आहे, त्याचा वाटतो.

प्रतिसाद (धागालेखक)

ताई, ‘गढलेला’ माझ्या मनात आला नव्हता आणि आता तो सुटणार नाही. फक्त एकट्यानं वापरता येत नाही, कशात गढलेला हे सांगावं लागतं. त्यामुळे ‘ग्रेट स्टोन फेस’ला पर्याय म्हणून नव्हे, पण वर्णनात मी ‘कामात गढलेला चेहरा’ हेच लिहीन. आणि टोपणनावासाठी ‘रेष न हलवणारा’. त्यात न हलणं नाही, न हलवणं आहे. कमावलेपण येतं.

याच चेहऱ्याला आपला आणखी एक वाक्प्रचार लागू पडतो: ‘चेहरा पडणे’. १९२८ मध्ये त्यानं स्वतःचा स्टुडिओ सोडून एमजीएम या बड्या चित्रपट कंपनीशी करार केला. आयुष्यातली सर्वांत मोठी चूक असं तो स्वतः म्हणायचा. बोलपट आल्यामुळे तो संपला असं सर्रास लिहिलं जातं, ते मला पटत नाही. त्याचा आवाज खर्जातला आणि चांगला होता. गेलं ते स्वातंत्र्य. तिथे आधी कथा लिहून मंजूर व्हायची, विनोदाच्या जागा दुसरे ठरवायचे, आणि ज्यानं हे सगळं चित्रीकरणाच्या जागी उभं राहून शोधलं होतं त्याला लिहिलेली वाक्यं म्हणायला लावायचे. त्यात संसार मोडला, दारू वाढली. १९३३ चा ‘व्हॉट! नो बिअर?’ बघवत नाही. चेहरा तोच आहे, रेष तेव्हाही हलत नाही, पण पडलेला आहे. गढायला हातात कामच उरलं नव्हतं. त्याच वर्षी कंपनीनं त्याला काढलं, आणि पुढे काही वर्षांनी त्याच कंपनीत तो दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी विनोद सुचवायला परत गेला.

प्रतिसाद

पण शेवट तसा नाही ना? १९४० मध्ये एलिनॉर नॉरिसशी लग्न झालं ते अखेरपर्यंत टिकलं, दूरदर्शनवर कामं मिळाली, १९५२ मध्ये ‘लाइमलाइट’मध्ये चॅप्लिनबरोबर दिसला, १९६० मध्ये मानद ऑस्कर मिळालं. १९६५ मध्ये नाटककार सॅम्युएल बेकेटनं लिहिलेल्या ‘फिल्म’ नावाच्या लघुपटात तर गंमतच आहे. जगातला सर्वांत ओळखीचा चेहरा घेतला आणि जवळजवळ शेवटपर्यंत कॅमेऱ्याला पाठच दाखवली. १ फेब्रुवारी १९६६ ला तो गेला, तेव्हा मागणी असलेला नट होता. ‘पडलेला चेहरा’ तुमच्या लेखात १९३३ पुरताच ठेवा.

प्रतिसाद (धागालेखक)

मान्य. तेवढ्यापुरताच ठेवतो.

ज्यांनी कीटन पाहिला नाही त्यांनी ‘वन वीक’पासून (१९२०) सुरुवात करावी, दोनच रिळांचा आहे. नवपरिणीत जोडप्याला सुट्या भागांचं घर आहेर मिळतं, कुणीतरी खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतं, आणि घर वेडंवाकडं उभं राहतं. शेवटी ते घर रुळांवर अडकतं. गाडी येते, दोघं डोळे मिटतात, गाडी शेजारच्या रुळांवरून निघून जाते. हुश्श करतात, तोच उलट दिशेनं दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करते. कीटन ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ची पाटी लावतो, त्याला घर जोडण्याच्या सूचनांचा कागद अडकवतो आणि बायकोचा हात धरून चालू लागतो. पाटी लावतानाचा त्याचा चेहरा थांबवून बघा आणि तुमचा शब्द इथे लिहा.