बुडापेस्टचा सहा दिवसांचा कमी खर्चाचा प्रवास : पुण्याहून आखणी कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. मी आणि माझी मैत्रीण दोघीही पुण्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी सह्याद्रीतील गडांवर जातो. येत्या एप्रिलच्या अखेरीस रजा घेऊन, पाठीवरच्या सॅकेत मावेल तेवढ्याच सामानानिशी, सहा दिवस हंगेरीची राजधानी बुडापेस्टला जावे असा आमचा विचार आहे. पश्चिम युरोपातील राजधान्यांच्या तुलनेत तेथे राहण्याजेवण्याचा खर्च कमी येतो, हे एक कारण. आणि दुसरे असे, की चित्रकार अमृता शेर-गिल यांचा जन्म १९१३ साली त्याच शहरात झाला आणि माझी मैत्रीण चित्रकला शिकलेली असल्यामुळे तिला त्या शहराची ओढ आहे. घरच्यांचे म्हणणे मात्र असे, की एवढ्या लांब जाताच आहात तर व्हिएन्ना आणि प्रागही पाहून या. तसे करणे शहाणपणाचे ठरेल का? व्हिसासाठी अर्ज कोणत्या देशाकडे करावा लागेल? आमच्यापैकी एक जण पूर्ण शाकाहारी आहे, त्यामुळे जेवणाबद्दलही अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

घरच्यांचा आग्रह प्रेमापोटी आहे हे समजते, परंतु सहा दिवसांत तीन राजधान्यांचा बेत आपण सोडून द्यावा असे मला मनापासून वाटते. बुडापेस्टच्या केलेती स्थानकावरून व्हिएन्ना रेल्वेने पावणेतीन तासांच्या आसपास आहे, तर प्रागला सुमारे सात तास लागतात. तिकिटांचे पैसे बाजूला ठेवले, तरी सामान आवरणे, खोली सोडणे, नव्या शहरात मुक्काम शोधणे आणि तिथल्या बस-ट्रामचे वेगळे पास घेणे यांत प्रत्येक वेळी अर्धाअधिक दिवस जातो. कमी पैशांत फिरणाऱ्याची खरी बचत एका जागी राहून पायी हिंडण्यात होते. व्हिएन्ना पाहण्याची फारच इच्छा असेल तर सकाळी जाऊन रात्री परत यावे, म्हणजे मुक्काम बदलावा लागत नाही.

व्हिसाच्या दृष्टीनेही हेच सोपे पडते. हंगेरी डिसेंबर २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि ज्या देशात आपला मुक्काम सर्वाधिक असेल त्याच देशाकडे अर्ज करावा, असा या व्हिसाचा नियम आहे. मुक्काम सारखाच असेल तर जिथे प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. सगळे दिवस बुडापेस्टमध्ये असतील तर हा प्रश्नच उरत नाही. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, त्याखेरीज अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे धरावे, आणि व्हिसा नाकारला गेल्यास हे शुल्क परत मिळत नाही. प्रवासापूर्वी सहा महिने ते पंधरा दिवस या मुदतीत अर्ज करता येतो. निर्णय साधारणपणे पंधरा दिवसांत होत असला तरी ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते, म्हणून एप्रिलअखेरच्या प्रवासासाठी अर्ज फेब्रुवारीतच द्यावा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय खर्च भागवणारा प्रवास विमा, बँकेचे खातेउतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि कार्यालयाचे रजामंजुरीचे पत्र आधीपासून जमवून ठेवावे. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने वैध असला पाहिजे. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः हजर राहावे लागते, तेव्हा ती सोय पुण्यात होणार की मुंबईला जावे लागणार, हे वेळ ठरवण्याआधीच पाहून घ्यावे.

हॉस्टेलची, म्हणजे प्रवाशांसाठीच्या स्वस्त निवासाची, नोंदणी अर्जाच्या वेळी दाखवावी लागते, त्यामुळे ती विनाशुल्क रद्द करता येईल अशीच करावी. विमान पुण्याहून थेट नाही. मुंबईहून एका ठिकाणी बदलून जावे लागेल. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटे जोडून प्रवास स्वस्त दिसतो, परंतु पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि मधल्या देशात सामान घेऊन पुन्हा जमा करायचे झाल्यास तिथलाही व्हिसा लागू शकतो. थोडे अधिक पैसे देऊन संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर करावा.

दुसरे उत्तर

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. बुडापेस्ट पायी पाहण्याजोगे शहर आहे आणि त्यातले उत्तम ते बरेचसे फुकट आहे. डॅन्यूबच्या एका काठाला डोंगराळ बुडा आणि दुसऱ्या काठाला सपाट पेश्त. १८७३ साली ही दोन्ही आणि ओबुडा हे तिसरे गाव एकत्र करून आजचे शहर झाले. गेलेर्ट टेकडी समुद्रसपाटीपासून २३५ मीटर उंच आहे, गडांची सवय असलेल्या पायांना ती मुळीच जड जाणार नाही, आणि तिथून संध्याकाळी नदी, पूल व संसद भवन एकाच नजरेत येतात. नदीतल्या मार्गारेट बेटावरील उद्यानात अख्खी दुपार काढावी. पेश्तच्या काठाने धावणाऱ्या २ क्रमांकाच्या ट्राममधून जे दिसते, त्यासाठी पर्यटक बोटींना बरेच पैसे मोजतात. पिवळ्या डब्यांची १ क्रमांकाची मेट्रो १८९६ पासून चालू असून युनेस्कोच्या जागतिक वारशात तिचा समावेश आहे. तिने सेचेनी स्नानगृहापर्यंत जाता येते.

तिथले गरम पाण्याचे स्नान मात्र चुकवू नये. सेचेनी हे १९१३ साली, म्हणजे अमृता शेर-गिल यांच्या जन्माच्याच वर्षी, सुरू झाले. त्याची वास्तू भव्य आहे, पण तिकीट महाग आणि गर्दी मोठी. लुकाच स्नानगृह तुलनेने स्वस्त आणि शांत आहे, मी तरी तेच निवडीन. टॉवेल आणि चपला घरून न्याव्यात, आणि पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची असल्याने तीही बरोबर ठेवावी.

विमानतळावरून थेट शहरात जाणाऱ्या १००ई बसला स्वतंत्र तिकीट लागते, साधा पास चालत नाही. २०० ई बसने जाऊन पुढे मेट्रो घेतली तर नेहमीचे तिकीट पुरते. हॉस्टेल सातव्या विभागात घेतल्यास तिथल्या मद्यगृहांमुळे रात्री फार गोंगाट असतो. आस्तोरिया किंवा काल्विन चौकाच्या परिसरात, केवळ स्त्रियांसाठी असलेली सामायिक खोली पाहावी आणि लॉकरसाठी स्वतःचे कुलूप न्यावे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. घरच्यांना आम्ही समजावले असून सर्व मुक्काम बुडापेस्टलाच करण्याचे ठरवले आहे. आता फक्त जेवणाचा आणि चलनाचा प्रश्न उरला आहे.

तिसरे उत्तर

मी शाकाहारी आहे, म्हणून सांगते. स्वयंपाकघर असलेलेच हॉस्टेल निवडावे, कारण रोजचे एक जेवण हाताने केले तर खर्च पुष्कळ आटोक्यात राहतो. घरून मेतकूट, पोहे, गोडा मसाला, खाकरे न्यावेत. परंतु तूप, पेढे, श्रीखंड यांसारखे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे, ते सॅकेत ठेवू नयेत. बाहेर खाताना लांगोश मिळेल, म्हणजे तळलेल्या पुरीसारख्या जाड पोळीवर आंबट साय आणि चीज. फोझेलेक ही भाज्यांची दाटसर भाजी असते, मात्र तिच्यावर पुष्कळदा मांस वाढतात आणि काही ठिकाणी ती चरबीतही करतात, त्यामुळे मागवण्यापूर्वी नीट विचारावे. गुयाश हे तिथले रस्सेदार सूप सहसा गोमांसाचे असते. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, तेव्हा बाटली भरून घ्यावी. उपाहारगृहाच्या बिलात सेवाशुल्क अनेकदा आधीच लावलेले असते. ते पाहूनच वर काही ठेवावे.

चलन फोरिंट आहे, युरो नव्हे. विमानतळावर पैसे बदलू नयेत, तिथला दर वाईट असतो. कार्डाने पैसे देताना यंत्र रुपयांत की फोरिंटमध्ये असे विचारते, तेव्हा नेहमी फोरिंटच निवडावे, नाहीतर दुकानदाराच्या बँकेचा महाग दर पडतो. आणि आपला प्रवास एप्रिलच्या अखेरीस असल्यामुळे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : १ मे रोजी तिथे कामगार दिनाची सार्वजनिक सुटी असून बहुतेक किराणा दुकाने बंद असतात, म्हणून त्या दिवसाचे दूध, पाव आणि भाजी ३० एप्रिललाच आणून ठेवावी.