सांतो निन्योची, म्हणजे बाळ येशूची, जुनी मूर्ती दुरुस्त कुठे करू?

मकातीकर: नवरा फिलिपिनो, इथे मनिलाजवळच्या मकातीत अकाउंटंट. त्याच्या लोलाची, म्हणजे आजीची, लाकडी सांतो निन्यो मूर्ती आता आमच्या घरी आलीय. डाव्या हातातल्या गोलावरचा क्रूस तुटलाय, मखमली झग्याला कसर लागलीय. शनिवारी लाँड्री, विजेचं बिल, बाजारहाट उरकून एकच फेरी जमते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सांतो निन्योचा सण, त्याआधी व्हायला हवं.

सांपालोक: झगे मनिलातल्या किआपो चर्चच्या आसपास तयार मिळतात. मूर्तीची उंची मुकुट सोडून मोजा. दुरुस्तीसाठी तायुमान रस्त्यावर मूर्तींची दुकानं आहेत.

लागुनाची सून: क्रूस नवा बसवा, पण रंग अजिबात देऊ देऊ नका! आमच्या मूर्तीला चकचकीत रंग दिला आणि सासूबाईंच्या बोटांनी झिजलेला गाल गेला. अजून जीव हळहळतो. सवड काढून आमच्या लागुना प्रांतातल्या पायेते गावी जा, तिथे पिढ्यान्‌पिढ्या लाकूडकाम करणारे आहेत.

मकातीकर: बरं झालं सांगितलंत. उजव्या पावलाचा रंग पार उडालाय, खालचं लाकूड गुळगुळीत झालंय. लोला रोज तिथेच हात लावायची. ते तसंच ठेवते. जुना झगाही मलमलीत गुंडाळलाय. आई बाळकृष्णाची अंगडी अशीच जपायची.