स्टॉकहोममध्ये कुठे राहिलात? अनुभव लिहा

जूनमध्ये आई-बाबांना घेऊन स्टॉकहोमला जायचं ठरतंय. बाबांचे गुडघे दुखतात, आईला सकाळचा चहा स्वतःच्या हातचा लागतो, आणि हॉटेलांचे दर पाहून आमचा बेत रोज बदलतोय. त्यातच भाचीला तिथल्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय, तिचीही खोलीसाठी शोधाशोध चालू आहे. काय बघायचं याच्या याद्या भरपूर मिळतात. मला राहून आलेल्यांकडून ऐकायचंय: कोणत्या भागात राहिलात, खोलीत काय होतं, काय नव्हतं. मुक्काम दोन रात्रींचा असो की दोन वर्षांचा, सविस्तर लिहा.

*

आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, त्यामुळे तुमची काळजी नेमकी कळते. गामला स्तान, म्हणजे जुनं शहर, फोटोत बघून तिथेच राहावंसं वाटतं. पण गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आणि चढउताराच्या, बॅगेची चाकं अडकतात, आणि कित्येक जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. आम्ही दक्षिणेकडच्या सोदरमाल्म बेटावर, मेदबोरियारप्लात्सेन मेट्रो स्टेशनाजवळ, छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. तिथून जुनं शहर फक्त दोन स्टेशनं. सासूबाईंचा चहा झाला, रात्रीची खिचडी झाली, बाहेरच्या जेवणाचा खर्चही आटोक्यात राहिला. फोडणी देताना मात्र खिडकी उघडी ठेवा. धुराचा अलार्म फार संवेदनशील असतो.

एका तिकिटावर 75 मिनिटं मेट्रो, बस, ट्राम कशानेही फिरता येतं, आणि स्लुसेनच्या धक्क्यावरून यूरगोर्डन बेटावर जाणारी बोटसुद्धा त्यातच येते. वासा संग्रहालय त्याच बेटावर आहे. सासरे माझगाव डॉकमध्ये नोकरीला होते. 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बंदरात बुडालेलं आणि 1961 मध्ये वर काढलेलं ते अख्खं लाकडी जहाज समोर दिसल्यावर ते जागचे हलेनात. वरचा भार जास्त, तळात वजन कमी, तोफांच्या खिडक्या पाण्याच्या फार जवळ; हे सगळं त्यांनी नातवाला तिथेच उभं राहून समजावलं. त्या बेटासाठी अख्खा दिवस ठेवा, आणि मुक्काम बोटीच्या धक्क्यापासून फार लांब नको.

खोली ठरवताना एक गोष्ट नक्की तपासा. मध्यवर्ती भागातल्या स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या असतात. तसं लिहिलेलं असतं, पण शोधून वाचावं लागतं. वयस्कर माणसांना तिथे गुदमरल्यासारखं होईल.

*

आम्ही मित्र शेप्सहोल्मेन बेटाला लागून नांगरलेल्या आफ चॅपमन जहाजावर राहिलो. 1888 साली बांधलेलं शिडाचं जहाज, 1949 पासून वसतिगृह म्हणून वापरात. केबिन लहान, बर्थ एकावर एक, पण सकाळी डेकवर आलं की पाण्यापलीकडे जुनं शहर. लाँगहोल्मेन बेटावरचा जुना तुरुंगही 1975 मध्ये बंद झाला आणि पुढे त्याचं हॉटेल व वसतिगृह झालं. कोठडीत झोपायची हौस असेल तर तिथे जा.

वसतिगृहांत चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल यांचे पैसे बहुतेक वेळा वेगळे लागतात. घरून नेलेत तर वाचतात. स्वतःची स्लीपिंग बॅग मात्र सहसा चालत नाही.

*

भाचीसाठी लिहिते. मी केटीएच या तिथल्या तंत्रज्ञान विद्यापीठात मास्टर्स केलं. फी भरून येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी केटीएचची स्वतःची निवासव्यवस्था आहे. तिचं विद्यापीठ दुसरं असेल तर तिथे तशी सोय आहे का, हे प्रवेशाचं पत्र आल्याबरोबर विचारायला सांगा. विद्यार्थी-घरांची शहरातली मोठी संस्था एसएसएसबी. तिथे रांगेतले दिवस मोजले जातात, ज्याचे दिवस जास्त त्याला खोली. म्हणून नाव आजच नोंदवायचं, विमानात बसायची वाट बघायची नाही. मला लापिस या विद्यार्थी-वसाहतीत कॉरिडॉर-खोली मिळाली: खोली आणि बाथरूम आपलं, स्वयंपाकघर सगळ्यांचं. युनिव्हर्सिटेतेत स्टेशन जवळ, त्यामुळे लाल मेट्रोने सरळ कॉलेज. त्या सामायिक स्वयंपाकघरात मला जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या. पर्याय असेल तर तिला एकटीचा स्टुडिओ घेऊ देऊ नका.

*

मी नोकरीसाठी शिस्ता भागात आलो. इथे बरेच भारतीय आयटीवाले राहतात. थेट भाड्याचं घर शहराच्या घरांच्या प्रतीक्षायादीतून मिळतं आणि तिथली वाट गेल्या काही वर्षांत सरासरी नऊ वर्षांच्या आसपास आहे, मध्यभागात त्याहून जास्त. म्हणून नवा माणूस 'आंद्राहांद', म्हणजे मूळ भाडेकरूकडून किंवा फ्लॅटमालकाकडून मुदतीवर, घर घेतो. अशा वेळी घरमालक कंपनीची किंवा सोसायटीची लेखी परवानगी बघितल्याशिवाय सही करू नका. 'मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असं म्हणणारा माणूस फसवणारा असतो. माझ्या एका सहकाऱ्याचे पैसे असेच गेले. घर डोळ्यांनी बघा, नाहीतर ओळखीतल्या कोणाला तरी पाठवा. इथले मराठी लोक आनंदाने जातात, मी स्वतः कितीतरी घरं बघून दिली आहेत.

दारावरच्या टपालाच्या फटीवर स्वतःचं नाव लावून घ्या. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि बँकेची, कर खात्याची महत्त्वाची पत्रं त्याच दारातून येतात. कपडे धुण्याची खोली बहुतेक तळघरात, सगळ्या इमारतीची एकच. फळ्यावर वेळ राखायची, वेळेत संपवायचं, ड्रायरची जाळी साफ करून निघायचं. एवढं पाळलं की शेजारी आपणहून बोलू लागतात.

*

विमानतळाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. आर्लांडा एक्सप्रेस वीसेक मिनिटांत मध्यवर्ती स्टेशनात पोचवते, पण महाग. उपनगरी गाडीही थेट विमानतळावरून सुटते, तिथे तिकिटावर जादा शुल्क पडतं. स्वस्त मार्ग: 583 नंबरची बस घेऊन मेश्ता, तिथून उपनगरी गाडी, साध्या तिकिटात. सामान आणि आई-बाबा बरोबर असतील तर मी थेट गाडीच घेईन.

*

जूनमध्ये जाताय म्हणून दोन गोष्टी. पहाटे साडेतीनच्या सुमारास उजाडतं आणि रात्री दहापर्यंत ऊन रेंगाळतं. खोलीला जाड पडदे आहेत का हे आधी विचारा, माझ्या आईची झोप पहिल्या रात्री पार उडाली होती. दुसरं, 19 ते 25 जूनमधला शुक्रवार हा मिडसमरचा सण. बरेचसे शहरवासी गावी, बेटांवर जातात, पुष्कळ दुकानं आणि उपाहारगृहं बंद असतात. आदल्या दिवशीच दूध, भाजी, ब्रेड भरून ठेवा आणि त्या दिवशी आई-बाबांना घेऊन यूरगोर्डनवरच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात जा. तिथे पानाफुलांनी सजवलेला उंच खांब उभारून त्याभोवती नाचतात, आणि पाहुण्यांनाही फेरात घेतात. तुमच्या तारखा त्या आठवड्यातल्या असतील तर मुक्काम यूरगोर्डनच्या ट्रामच्या वाटेवर शोधा.