गणितातल्या ताज्या संशोधनावरची व्याख्यानं ऐकायची कशी?

चोपड्याची_मास्तरीण
मी चोपड्याला अकरावी-बारावीला गणित शिकवते. एम.एस्सी. होऊन बरीच वर्षं झाली. सुट्टीत गथ आणि मेनार्ड या गणितज्ञांच्या मूळ संख्यांवरच्या २०२४च्या कामाचं व्याख्यान यूट्यूबवर लावलं. झीटा फलनाची शून्यं आली तिथवर ठीक चाललं होतं. मग 'डिरिश्ले बहुपदी' म्हणत वक्ता जो सुटला तो सुटलाच. आमच्याकडे अशी व्याख्यानं होत नाहीत, आणि कॉलेज सोडून पुण्या-मुंबईला कोण जातंय? माझी तयारी कमी पडतेय की मी चुकीचं काही निवडतेय?

भुसावळचा_पुण्यात
ताई, तयारीचं मनावर घेऊ नका. मी पुण्यात पीएच.डी. करतोय. विषय माझा नसला की सेमिनारमध्ये विसाव्या मिनिटाला मीही हरवतो. शेजारचे प्राध्यापक मान डोलवत असतात, पण त्या डोलण्यावर जाऊ नका.

तुम्ही लावलं ते बहुतेक सेमिनार असणार. ते त्याच शाखेतल्या लोकांसाठी असतं आणि त्यात सिद्धतेची आतडी बाहेर काढतात. शोधताना 'कलोक्वियम' (इतर शाखांतल्या लोकांनाही कळेल असं व्याख्यान) किंवा 'पब्लिक लेक्चर' बघा. बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेच्या वाहिनीवर रामानुजन व्याख्यानमाला आहे, त्यातलं पहिलं व्याख्यान लावून बघा.

आणि ऐकायला बसण्याआधी एकच विचारा: आधी काय माहीत होतं, आता काय झालं? इथे प्रश्न असा आहे की एक्स या मोठ्या संख्येजवळ केवढा पट्टा घेतला म्हणजे त्यात मूळ संख्या अपेक्षेइतक्या सापडतातच. १९७२ मध्ये हक्सलीने दाखवलं की एक्सच्या ७/१२ घाताहून जरासा मोठा पट्टा पुरतो. गथ-मेनार्डने ते १७/३० वर आणलं. एक्स म्हणजे १०चा ६०वा घात घ्या. ढोबळमानाने पट्टा आधी १०च्या ३५व्या घाताएवढा लागायचा, आता ३४व्या. रीमानचं गृहीतक (झीटाच्या शून्यांबद्दलचं, अजून सिद्ध न झालेलं) खरं असेल तर ३०व्या घाताच्या आसपास भागेल. एवढं हातात असलं की डिरिश्ले बहुपदी निसटल्या तरी व्याख्यान निसटत नाही.

कापूसवाला
म्हणजे सातबारा १९७२ पासून हक्सलीच्या नावावर होता, आता फेरफार झाला म्हना भो 😄

चाळीसगावकर
ताई, मी एकटा असलो की कधीच शेवटपर्यंत ऐकत नाही. आम्ही तिघं जण एकत्र बसतो, अडलं की व्हिडिओ थांबवून भांडतो. तासाच्या व्याख्यानाला दुपार जाते. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात चांगदेवाने आजोबा भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, त्यामुळे आमच्या भागात हे खूळ जुनंच! पुढच्या वेळी जळगावला बसू. याल का?

चोपड्याची_मास्तरीण
@भुसावळचा_पुण्यात, ६०व्या घाताचं उदाहरण उद्याच बारावीच्या पोरांना घालते. @चाळीसगावकर, जळगाव चालेल, फक्त रविवार धरा. शनिवारी माझे जादा तास असतात. आणि भांडायला रीमानपेक्षा सोपं काही निवडा हो!

चाळीसगावकर
ठरलं. जुळ्या मूळ संख्या घेऊ. २०१३ मध्ये झांगने दाखवलं की ७ कोटींहून कमी अंतराच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, ती मर्यादा पुढे २४६ वर आली (जुळ्यांसाठी २ हवी). भांडायला भरपूर जागा आहे.