एस्पेरान्तोत विध्यर्थ आणि रीतिभूतकाळ कसा करायचा?

हळदपेठ, सांगली:
नमस्कार मंडळी. एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेचे काळ चटकन बसले. वर्तमानाला -आस, भूताला -इस, भविष्याला -ओस. 'मी इरिस' म्हणजे गेलो किंवा गेले, लिंगाचा प्रश्नच नाही. पण अडलोय तीन वाक्यांपाशी.
'आम्ही रोज कृष्णेच्या घाटावर जात असू.' इथे नुसतं -इस लावलं तर एकदाच गेल्यासारखं होत नाही का?
'त्याने यावं.'
'काल वळीव पडला असता तर वाळत घातलेली हळद भिजली असती.' इथे -उस लागतो हे कळतं, पण 'काल' कुठे दिसणार?

सातारकर:
आधी इंग्रजी धर्तीचे तक्ते मिटून ठेवा. दामल्यांच्या 1911 च्या व्याकरणातले क्रियापदाचे अर्थ आठवा: स्वार्थ (साधं विधान), आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ (जर-तर). मराठी माणसाला ही भाषा त्या वाटेने लवकर कळते, हे मी ठामपणे सांगतो.
-आस, -इस, -ओस हे स्वार्थाचे. -उस संकेतार्थाचा, आणि त्याला स्वतःचा काळ नाही. तुमचं वाक्य: 'से हिएराउ प्लुवुस, ला कुर्कुमो मालसेकिजुस.' हिएराउ म्हणजे काल, तेवढ्यानं भागतं. दोन्ही क्रियापदांना -उस लावायचा, आपणही 'असता... असती' दोन्हीकडे म्हणतोच की.
आता -उ. आपले आज्ञार्थ आणि विध्यर्थ दोन्ही याच्या पोटात. 'इरु!' जा. 'नी इरु', जाऊ या. 'ली वेनु', त्याने यावं. 'मी वोलास, के वी वेनु', तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे. इथे 'के' नंतर -आस घालणारे खूप भेटतात, पण इच्छा आली की -उ च हवा. मला सगळ्या भाषेत हाच प्रत्यय सर्वांत आवडतो. मात्र सक्ती सांगायची तर 'देवास' हे वेगळं क्रियापद घ्या.
रीतिभूतकाळाला वेगळं रूप नाही. 'नी चिउतागे इरिस', रोज गेलो, एवढं पुरतं. सवयीवर जोर द्यायचा तर मध्ये -आद- घाला: इरादिस.

मिरज जंक्शन:
'भिजली असती' साठी 'एस्तुस मालसेकिजिन्ता' असंही चालतं. फक्त जिथे तिथे नको, वाक्य जड होतं. कर्मणीतल्या -अता, -इता या धातुसाधित प्रत्ययांवर तर एवढा वाद झाला की 1967 साली एस्पेरान्तोच्या अकादमीला निर्णय द्यावा लागला. ते प्रकरण नंतर वाचा.

हळदपेठ, सांगली:
आभार दोघांचे. मग 'पाऊस न येवो' म्हणजे 'ने प्लुवु'?

सातारकर:
बरोबर. कर्ता लागत नाही.